उग्रगंधी गुहावासी

मूल तालुक्यातल्या आणि एकूणच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत माणसाच्या उंचीची, अंगाने केसाळ, वासाने उग्र आणि वेळप्रसंगी दोन पायांवर उभी राहणारी एक जमात कपारींमध्ये राहते. ती संध्याकाळी कामाला निघते, सकाळी मुक्कामी परतते, मोहफुले खाते, मधाची पोळी उतरवते, टेंभरांवर ताव मारते, मुलांना पाठीवर घेऊन हिंडते आणि अनोळखी माणसाशी संबंध टाळते. जनगणनेत तिची नोंद नाही आणि मतदारयादीत नाव नाही. एवढी लक्षणे जुळूनही तिला माणसांत धरलेले नाही. मराठीत तिला अस्वल म्हणतात.

गुहेत राहणारा, माणसासारखा दिसणारा आणि नकोसा वाटणारा प्राणी ही कल्पना जुनी आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आफ्रिकेतल्या गुहावासी लोकांचे वर्णन केले आहे. ते साप-सरडे खातात, वाऱ्यासारखे पळतात आणि वटवाघळांसारखे चिरकतात, असे तो लिहितो. पुढे १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसने साऱ्या सजीवांची यादी करताना माणसाच्या शेजारी दुसरा एक निशाचर, गुहावासी माणूस नोंदवून टाकला. हा माणूस त्याने पाहिला नव्हता. प्रवाशांच्या गप्पा मात्र पुष्कळ वाचल्या होत्या. माणूस सापडला नाही तेव्हा त्याचे ‘ट्रॉग्लोडाइट’ हे नाव रिकामे पडून राहू नये म्हणून चिंपांझीला चिकटले. चिंपांझी झाडावर झोपतो. तेच नाव एका मूठभर आकाराच्या तपकिरी पक्ष्यालाही मिळाले. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनारम्य खेळ आला, आणि त्याच्या भुयारांत या नावाची सरड्याच्या कातडीची, असह्य घाणेरडा वास सोडणारी एक जमातही कायमची राहायला आली. ज्याने प्राणी पाहिलेला नाही त्याने त्याचे वर्णन अधिक बारकाईने करावे, हा या शास्त्राचा मूळ नियम दिसतो. मूलच्या अस्वलाच्या बाबतीतही तो काटेकोरपणे पाळला गेला आहे.

पहिला मान विद्वानांचा. १७९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज शॉ याने या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. लांब वाकडी नखे आणि वरच्या जबड्यात समोरचे दोन दात नाहीत, एवढे पाहून त्याने हा स्लॉथ आहे असा निकाल दिला. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेत झाडाच्या फांदीला उलटा लटकून आयुष्य काढणारा, आळसासाठी जगप्रसिद्ध असलेला प्राणी. त्याचा आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीचा कोणत्याही जन्मी संबंध नाही. १७९३ मध्ये मेयर नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने ‘मेलर्सस’ हे नवे नाव देऊन त्याला अस्वलांच्या पंक्तीत बसवले. इंग्रजी बोलीत मात्र ‘स्लॉथ बेअर’ कायम राहिले. कागदावर एकदा चुकीचे नाव चढले की ते उतरवायला किती सायास पडतात, हे सातबाऱ्यावर आजोबांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अस्वलाने तर अर्जही केलेला नाही.

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत, त्यांतल्या चार भारतात सापडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ही एकच आली. विदर्भात ती चंद्रपूर-गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत आहे आणि बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य तर तिच्याचसाठी ओळखले जाते. नराचे वजन ८० ते १४५ किलो भरते, मादीचे ५५ ते ९५. रंग काळा, तोंड मळकट पांढरे, छातीवर इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा पांढरा पट्टा. मान आणि खांद्यांवरचे केस इतके लांब असतात की पाठमोरे अस्वल कोणत्या बाजूला तोंड करून उभे आहे, ते पुढे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पुढे जाऊन पाहणे हिताचे नसते. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे हा लोकरी कोट बारमाही अंगावर ठेवण्याचे कारण काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. केसांखाली थंड मुलखातल्या अस्वलांसारखा मऊ लोकरीचा दाट थर नसतो आणि चिडलेल्या मधमाश्यांना या केसांतून वाट काढणे जड जाते, इतपत खुलासा करता येतो.

माणसाशी साम्य सर्वांत जास्त पावलांत आहे. वाघ, कुत्रा, मांजर हे बोटांवर चालतात. अस्वल टाच टेकून चालते. त्यामुळे ओल्या मातीत त्याच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा उमटतो. फरक दोन. माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला. आणि बोटांच्या पुढे, थोडे अंतर सोडून, नखांच्या खुणा स्वतंत्रपणे उमटतात. एकूण ठशावरून चपला उलटसुलट घालण्याची सवय असलेला आणि कित्येक वर्षांत नखे न काढलेला कुणी इसम नाल्याकडे गेला असावा, असाच तर्क निघतो.

दुर्गंधीच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू ऐकणे न्यायाचे ठरेल. अस्वलाच्या अंगाला मूळचाच एक उग्र दर्प असतो. त्यात वारुळाची माती, फळांचा गर, मधाचा चिकटा आणि पावसाळ्याची ओल भर घालते. मुक्कामाची कपार जवळ आली की ती दिसण्याआधी कळते, असे रानात जाणारे सांगतात. आंघोळीविषयी अस्वलाचे मत ऋतूप्रमाणे बदलते: उन्हाळ्यात ते पाणवठ्यात खुशाल बसते, एरवी आग्रह नाही. झाडाच्या खोडाला पाठ घासून ते आपला वास मागे ठेवते आणि पुढून येणारे अस्वल तो हुंगून कोण, कधी, कुठे गेले याची माहिती घेते.

दुसरी बाजू अशी की या जमातीचे नाक फार तीक्ष्ण आहे, आणि त्या नाकाने माणसाचा विचार केला तर चित्र काही शोभादायक दिसत नाही. मोहफुले वेचायला निघालेल्या सर्वसाधारण इसमाच्या अंगाला बिडी, खर्रा, खोबरेल तेल, काल रात्रीचा धूर आणि मच्छरांची अगरबत्ती असा पाचपदरी वास असतो. खर्रा घोटलेल्या पन्नीचा वास तर माणूस निघून गेल्यावरही तासन्‌तास झाडाखाली टिकतो. अस्वल त्या वाटेवरून वळून जाते, यात त्याचा भित्रेपणा किती आणि सुसंस्कृतपणा किती, हे सांगणे कठीण आहे.

गुहावासी हे विशेषण अर्धवेळच खरे. मूल, सावली, सिंदेवाहीच्या रानात गुहा म्हणावी अशी ऐसपैस जागा थोडीच. मोठ्या दगडांमधली फट, नाल्याच्या काठावरची कोरलेली दरड, डोंगरीच्या पोटातली खोबण, मोठ्या झाडाच्या मुळांखालची पोकळी, एवढ्यात अस्वलाचे भागते. एकटा नर दाट झुडपात कुठेही आडवा होतो. कपारीची खरी गरज मादीला पिल्लांच्या वेळी लागते. शीतनिद्रेची रीत या जातीत नाही. चंद्रपूरला झोपून काढावा असा हिवाळा पडतच नाही. दिवसाची झोप मात्र गाढ असते आणि घोरण्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो.

आहार हा या जमातीचा मुख्य विषय आहे आणि बाकीचे सारे आयुष्य त्याच्या सोयीने आखलेले दिसते. मुख्य अन्न वाळवी, जिला इकडे उधळी म्हणतात. वारूळ फोडण्याचे काम पाहण्यासारखे असते. अस्वल आधी वारुळाभोवती हुंगत फिरते, जागा नक्की करते आणि पुढच्या दोन्ही पायांच्या नखांनी उकरायला लागते. उन्हाने दगडासारखी झालेली, कुदळीलाही दाद न देणारी माती ढेकळांनी बाजूला पडते. आतल्या पोकळ्या उघड्या पडल्या की ते तोंड आत खुपसते आणि जोराने फुंकर मारते. माती उडते, वाळवी उरते. मग नाकपुड्या बंद होतात. त्या हव्या तेव्हा बंद करण्याची सोय या जातीला आहे. सैल ओठांची नळी होते आणि वरच्या दोन गायब दातांच्या खिडकीतून वाळवी आत ओढली जाते. विहिरीतले पाणी संपल्यावर मोटारपंप जो आवाज काढतो तसा हा आवाज असतो आणि तो शंभर मीटरांवर ऐकू येतो. म्हणजे ज्या दोन दातांच्या अभावी शॉने त्याला स्लॉथ ठरवले, त्यांची रिकामी जागा हेच त्याचे जेवणाचे मुख्य साधन आहे. विद्वानाला उणीव दिसली, अस्वलाला सोय.

वाळवीखालोखाल फळे: टेंभरे, बोरे, जांभळे, उंबरे, चारे, बहाव्याच्या शेंगांतला गर. फळे बियांसकट गिळली जातात आणि बिया दुसऱ्या ठिकाणी खतासकट बाहेर पडतात. वन विभागाची रोपवाटिका मजूर, पिशव्या आणि हजेरीपट घेऊन जे काम करते त्यातले काही काम अस्वल बिनपगारी उरकून टाकते. मधासाठी ते झाडावर चढते, पोळे खाली पाडते आणि माश्यांच्या चाव्याने कण्हत कण्हत खाते. पण खाणे थांबवत नाही. दक्षिण भारतात असे सांगतात की अस्वलीण फणस, कवठ आणि मध पोटात कालवून पिल्लांसाठी बाहेर काढते आणि त्या घट्ट पिवळट लगद्याची अस्वलाची भाकर बनते. तिकडे ती चवीने खाणारी माणसेही होती म्हणतात. दुर्गंधी कुणाची, हा प्रश्न इथे पुन्हा खुला होतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो आणि दोन्ही जमातींचे वेळापत्रक एक होते. मोहाची फुले रात्रीतून गळायला लागतात आणि पहाटे झाडाखाली फिकट पिवळा, रसरशीत सडा पडलेला असतो. सूर्य वर आला की फुले वाळतात, गुरे-हरणे येतात, म्हणून वेचणारे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुले नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून ठेवतात, त्यातून वणवे लागतात आणि दरवर्षी त्यावर चर्चा होते. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. कागदपत्र नसले तरी त्यावरून भांडणे होतात, म्हणजे हक्क पक्का आहे. ही वाटणी झाली तेव्हा अस्वलाला बैठकीला बोलावले नव्हते. त्यामुळे ते कोणत्याही झाडाखाली येते.

या भागात घरोघर सांगितला जाणारा एक किस्सा आहे. गाव प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या शेजारचे असते. पहाटेच्या अंधारात एक म्हातारी झाडाखाली बसून फुले वेचत असते. पलीकडच्या झाडाखाली काळी घोंगडी पांघरून कुणीतरी वाकलेले दिसते. ती हाक मारते, “कोन हाय गा? आज बेगीनच आला!” तिकडून “हूं” असा आवाज येतो. “बरं, येच पोटभर, पन इकडं येऊ नोको, हे झाड आमचं होय.” पुन्हा “हूं.” दोघेही मन लावून काम करतात. उजाडायला लागते, म्हातारी टोपली डोक्यावर घ्यायला उभी राहते, आणि पलीकडचा गडीही उभा राहतो. यापुढे किस्सा निरनिराळ्या गावांत निरनिराळा होतो. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे: तोपर्यंत अस्वलाने हद्द ओलांडली नव्हती. शेजारच्या माणसांविषयी असे खात्रीने कुणी सांगत नाही.

मोहफुले खाऊन अस्वल झिंगते, असा दोन्ही जिल्ह्यांत ठाम समज आहे. ताजे मोहफूल गोड असते, मादक नसते. त्याची दारू व्हायला फुले मडक्यात कित्येक दिवस सडवावी लागतात, खाली जाळ घालावा लागतो आणि वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करावी लागते. अस्वलाजवळ मडके नाही आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे धीर नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. या सर्व काळात अस्वलाच्या मोहफुलांच्या सेवनात काही फरक पडला नाही. बंदीमुळे ज्याचे वर्तन बदलले नाही आणि तरी ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, असा अस्वल हा या भागातला एकमेव रहिवासी नव्हता. पण खरोखर शुद्धीवर असलेल्यांत त्याची गणना करावी लागेल.

मोह संपतो तोवर तेंदूपानांचा हंगाम येतो. मे महिन्यात घरेच्या घरे पहाटे रानात जातात, दुपारपर्यंत पुडे बांधतात आणि संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून देतात. तेंदूच्या झाडाची पाने माणसाला हवी, फळे, म्हणजे टेंभरे, अस्वलाला. अशी सोयीची भागीदारी जगात क्वचित आढळते, पण दोन्ही भागीदार एकाच वेळी एकाच झाडाशी पोहोचतात ही तिची अडचण आहे.

याच दिवसांत, म्हणजे मे ते जुलैमध्ये, अस्वलांचीही लग्नसराई असते. नरांमध्ये झटापटी होतात, आरडाओरडा होतो, रात्रीची शांतता भंग पावते. बँडपथक तेवढे नसते. लग्नानंतर नवरा निघून जातो आणि संसाराशी त्याचा काही संबंध उरत नाही. पिल्ले थंडीत कपारीत जन्मतात, बहुधा एक किंवा दोन. दोन-तीन महिन्यांनी ती बाहेर येतात ती आईच्या पाठीवर बसूनच. पाठीवरच्या लांब केसांना धरून बसलेली पिल्ले आईने वारूळ फोडायला घेतले तरी खाली उतरत नाहीत. जगातल्या इतर अस्वलांत पाठीवर मुले वागवण्याची अशी नित्याची रीत नाही. ही सवारी काही महिने चालते, आणि पिल्ले मोठी झाल्यावर दोन्ही एकदम पाठीवर बसण्यासाठी जी ढकलाढकली करतात ती बसस्टँडवर पाहिलेली असल्याने इथे वर्णनाची गरज नाही. दीड-दोन वर्षांनी आई त्यांना वेगळे काढते.

स्वभावाविषयी लोकांनी फार कल्पना लढवल्या आहेत. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते. अस्वलीण पुरुषाला गुहेत पळवून नेते आणि त्याने पळून जाऊ नये म्हणून रोज त्याचे तळपाय चाटून मऊ करते, हा याच शास्त्राचा प्रौढ विभाग. या कथेत अस्वलिणीला तो पुरुष का हवा असतो, याचा खुलासा सांगणारे पुरुष करत नाहीत. शाळेत गेल्यावर दोन मित्रांची गोष्ट येते: एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडून राहतो, अस्वल त्याच्या कानाशी येते आणि मैत्रीविषयी सल्ला देऊन जाते. झाडावर चढलेल्या मित्राचे गणित चुकले होते, कारण हे अस्वल झाडावर सहज चढते. आणि जमिनीवरच्याच्या कानात ते काही बोलले असेल तर तोंडाचा वास घेतल्याचे.

वस्तुस्थिती कमी गमतीची आहे. अस्वलाची नजर अधू आणि कान बेताचे. वारूळ उपसताना किंवा झोपेत त्याला माणूस जवळ आल्याचे कळत नाही, आणि कळते तेव्हा पळण्याचे अंतर उरलेले नसते. वाघ-बिबट्यांच्या रानात वाढलेली ही जात. तिथे झाडावर चढून जीव वाचत नाही, कारण बिबट्या मागे चढतो. म्हणून ती उभी राहते आणि अंगावर जाते. माणसापुढेही ती तेच करते. घाव डोक्यावर आणि चेहऱ्यावर बसतो आणि वाचलेल्यांच्या तोंडावर तो जन्मभर राहतो. तेवढ्यासाठी इथले जुने लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त बिचकतात. एकट्याने जाऊ नये, बोलत-खोकत जावे, असा वन विभागाचा सांगावा असतो. झाडीपट्टीत दंडार-नाटके रात्रभर चालतात आणि पहाटे घरी परतणारे प्रेक्षक नाटकातली गाणी बेसूर आणि मोठ्याने गात येतात, तेव्हा या सूचनेचे आपोआप पालन होते.

वाघापुढे उभे राहण्याचे प्रात्यक्षिक फेब्रुवारी २०१८ मध्ये ताडोबात झाले. मटकासुर नावाच्या वाघाने पिल्लू असलेल्या अस्वलिणीवर हल्ला केला. बराच वेळ चाललेल्या झुंजीत तिने मार खाल्ला, पण माघार घेतली नाही आणि अखेर वाघच हटला. त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. ज्या जंगलाला दंतकथेनुसार वाघाशी झुंजून मेलेल्या तारूचे नाव आहे, त्या जंगलात वाघाला परतवणारीचे नाव मात्र कुणाला माहीत नाही. ताडोबातल्या वाघांना माया, वाघडोह, मटकासुर अशी नावे असतात, त्यांच्या वंशावळी जिप्सीचे चालक तोंडपाठ म्हणून दाखवतात. अस्वल दिसले तर पर्यटक संध्याकाळी फोनवर “काही नाही दिसलं, अस्वल दिसलं” असे सांगतो.

पुराणांनी या जमातीला त्यामानाने बरे वागवले. वाल्मीकींनी जांबवंताचा जन्म ब्रह्मदेवाच्या जांभईतून झाल्याचे सांगितले आहे; शॉच्या कानावर ही कथा गेली असती तर त्याने ती पुरावा म्हणून जोडली असती. भागवतात हाच जांबवंत गुहेत संसार करून राहताना भेटतो. सिंहाला मारून मिळवलेला स्यमंतक मणी त्याने पोराला खेळायला दिलेला असतो. त्या मण्याच्या चोरीचा आळ आलेला कृष्ण माग काढत गुहेत शिरतो आणि दोघांची कुस्ती २८ दिवस चालते. बाहेर थांबलेले द्वारकेचे लोक बारा दिवस वाट पाहून घरी निघून जातात. शेवटी जांबवंत देवाला ओळखतो, मणी देतो आणि मुलगी जांबवतीही देतो. गणेश चतुर्थीला चुकून चंद्र दिसला की घरोघरी ही कथा आठवते. तीत अस्वलाच्या वासाचा उल्लेख नाही. सासुरवाडीच्या बाबतीत इतका संयम पाळावाच लागतो. पुढे १८९४ मध्ये किपलिंगने शिवनीच्या रानातल्या बालूला शाळामास्तर केले आणि वाळवीचे नाव न काढता त्याला मध, मुळे नि कवचफळांवर ठेवले. छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वले संध्याकाळी प्रसादाला येतात आणि भाविक त्यांना देवीचे भक्त मानतात. प्रसाद बंद केल्यास भक्ती किती टिकेल, याची परीक्षा अद्याप कुणी घेतलेली नाही.

माणसांत या जमातीला कायमची नोकरी एकाच धंद्यात मिळाली. दरवेशी नाकात दोरी ओवलेले अस्वल घेऊन गावोगाव फिरत, डमरूवर त्याला नाचवत, भित्र्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवत आणि केस उपटून ताईतात भरून विकत. भीतीवरचा हा उपचार पोरांना किती लागू पडला ते सांगता येत नाही. अस्वलाचे केस कमी झाले हे नक्की. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरवला. तरी तो बंद व्हायला २००९ उजाडले. त्या वर्षी राजू नावाचे शेवटचे नाचणारे अस्वल सोडवले गेले आणि अस्वले बाळगणाऱ्या कलंदरांना दुसऱ्या व्यवसायांसाठी मदत मिळाली. गडचिरोलीत हेमलकशाला आमट्यांच्या प्राणी अनाथालयात पोरकी अस्वले वाढली, पण तिथे त्यांच्याकडून नाचण्याची अपेक्षा नव्हती.

कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अस्वल वाघाच्या बरोबरीने बसते. हक्कांच्या बाबतीत मात्र ते मागे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलाही. अस्वलाचा रहिवास त्याहून जुना असला तरी पुरावा म्हणून त्याच्याजवळ खोडावरच्या ओरखड्यांखेरीज काही नाही. भरपाईच्या शासकीय यादीत मात्र त्याचे नाव स्पष्ट आहे. कुणी जखमी झाले की पंचनामा होतो, ठसे, केस आणि विष्ठा यांची नोंद होते, आणि विष्ठेतल्या टेंभराच्या बियांवरून आरोपी आदल्या दिवशी कोणत्या रानात होता ते ठरते.

सरकारी यंत्रणेशी अस्वलाचा सर्वांत प्रत्यक्ष संबंध विहिरीत येतो. शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरी रात्री त्याला दिसत नाहीत. सकाळी मालक मोटार सुरू करायला जातो तेव्हा आतून आवाज येतो. वनरक्षक, वनपाल, क्षेत्रसहायक, पोलीस पाटील आणि दोन गावांची माणसे जमतात. विहिरीत शिडी किंवा लाकडी खाट सोडणे हे अर्ध्या तासाचे काम. काठावरची गर्दी हटवणे हे दिवसभराचे. लोक मोबाइल घेऊन वाकतात, अस्वल शिडीजवळून पुन्हा कोपऱ्यात जाते, आणि आत पडलेल्याला वर काढायचे की वरच्यांना आत पडू द्यायचे नाही, यातले मुख्य काम कोणते हे संध्याकाळपर्यंत ठरत नाही. अंधार पडला, माणसे जेवायला गेली की अस्वल शिडी चढून बाहेर येते आणि बांध ओलांडून रानात शिरते. विहिरीला कठडा बांधण्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत घेण्याचे ठरते.